आम्स्टेलफेनमधला ५४ नगांचा डिनर सेट: ‘ओल्ड कंट्री रोझेस’ विकण्याचं एक प्रकरण

नेदरलँड्समध्ये आम्स्टेलफेनला राहणारं मराठी कुटुंब. त्याआधी काही वर्षं इंग्लंडात, लेस्टरला. मे अखेरीस कायमचं पुण्याला परतायचं ठरलं आणि फेब्रुवारीच्या मध्यावर कपाटातला इंग्लिश बोन चायनाचा, म्हणजे पातळ, उंची चिनीमातीचा, डिनर सेट जेवणाच्या टेबलावर मांडला गेला. रॉयल अल्बर्ट या कंपनीच्या ‘ओल्ड कंट्री रोझेस’ नक्षीचा: लाल, गुलाबी, पिवळे गुलाब, लहरी काठ आणि काठावर सोनं. हातात साधारण पंधरा आठवडे.

हे एकाच घराचं जसंच्या तसं वर्णन नाही. परतीच्या वाटेवरच्या घरांत जे वारंवार घडतं, ते एका घराभोवती गोळा करून प्रकरण मांडलं आहे. किमतीही उदाहरणादाखल धराव्यात. नियम, खुणा, तपासण्या आणि चुका मात्र खऱ्या आहेत.

सेटमध्ये होतं ते असं: २६-२७ सें.मी.च्या जेवणाच्या १२ प्लेट, २० सें.मी.च्या १२ डेझर्ट प्लेट, १६ सें.मी.च्या १२ लहान प्लेट, सूपच्या १२ खोलगट प्लेट, भाजीची झाकणाची दोन भांडी, ३३ आणि ३८ सें.मी.च्या दोन लंबगोल थाळ्या, ग्रेव्ही बोट (रस्सा वाढायचं चोचीचं भांडं) आणि तिची बशी. झाकणं वेगळी न मोजता ५४ नग, वजन सुमारे २२ किलो. आठ जणांचा सेट आणि वाढपाची भांडी लेस्टरमध्ये एका घरातलं सामान निघालं तेव्हा जुनी म्हणून घेतलेली. बारा जणांचं भरावं म्हणून उरलेल्या चार जणांच्या प्लेट २०१३ मध्ये नव्या घेतल्या. हा शेवटचा तपशील घरातली सगळी विसरली होती, आणि पुढचा घोळ त्यातूनच झाला.

पहिली जाहिरात आणि ती का फसली

नेदरलँड्समध्ये जुनं सामान विकायचं तर पहिलं नाव मार्क्टप्लाट्स या संकेतस्थळाचं. तिथे पूर्ण सेट ६५० युरोला टाकला. शीर्षक इंग्रजीत: १९६२ चा अँटीक इंग्लिश डिनर सेट. फोटो तीन, तिन्ही टेबलाच्या टोकाकडून, संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात. सामान घरी येऊन न्यायचं, पाठवणार नाही.

तीन आठवड्यांत आलेले बहुतेक निरोप ‘शेवटची किंमत काय’ एवढेच होते. एका बाईने मात्र नेमकं विचारलं: सगळ्या प्लेटांच्या मागे ‘इंग्लंड’ लिहिलंय का? तेव्हा पहिल्यांदा प्लेटा उलट्या केल्या गेल्या. ३८ नगांवर ‘बोन चायना, इंग्लंड’ होतं, १६ नगांवर ‘इंग्लंड’ हा शब्दच नव्हता. हे तिला कळवल्यावर तिने नम्रपणे नाही म्हटलं. तिचं बरोबर होतं. जाहिरातीत ‘इंग्लिश’ लिहून जवळपास तिसरा हिस्सा माल वेगळा निघणं ही खरेदीदाराची फसवणूकच झाली असती, मग हेतू काहीही असो.

शीर्षकातलं ‘१९६२’ ही दुसरी चूक, आणि ती या नक्षीच्या बाबतीत सर्रास होते. प्लेटमागे १९६२ हे साल छापलेलं असतं, पण ते नक्षीचं साल आहे, प्लेटचं नव्हे. हॅरॉल्ड होल्डक्रॉफ्ट यांनी केलेली ही नक्षी १९६२ मध्ये बाजारात आली आणि पुढे दशकानुदशकं निघणाऱ्या नगांवर तेच साल छापलं गेलं. त्यामुळे १९९५ ची प्लेटही १९६२ दाखवते, २०१३ ची सुद्धा. ‘अँटीक’ तर मुळीच नाही. त्या धंद्यात हा शब्द साधारण शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूला लावतात. जाणकार माणूस असं शीर्षक वाचून दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: विकणाऱ्याला माहीत नाही, किंवा तो लपवतोय. दोन्ही वेळा तो पुढे सरकतो.

‘इंग्लंड’ हा शब्द एवढा महत्त्वाचा का? रॉयल अल्बर्ट हे नाव स्टॅफर्डशरमधल्या लाँग्टनचं, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कुंभारकामाच्या पट्ट्यातलं. हा ब्रँड पुढे रॉयल डॉल्टनच्या छत्राखाली आला. २००० नंतरच्या वर्षांत उत्पादन टप्प्याटप्प्याने इंडोनेशियाला गेलं आणि रॉयल डॉल्टनचा बर्स्लेममधला नाइल स्ट्रीटचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला. नंतरचा माल वाईट आहे असं अजिबात नाही. रोजच्या वापराला तो तितकाच टिकतो, काही वेळा सोनंही जास्त ताजं असतं. पण जुळवाजुळव करणाऱ्या माणसाला आपल्या घरातल्या आईच्या किंवा आजीच्या प्लेटशेजारी शोभेल अशीच प्लेट हवी असते, आणि गुलाबांच्या रंगछटेत, सोन्याच्या चमकेत, पांढऱ्याच्या उबदारपणात बारीक फरक दिसतो. दिवसाच्या उजेडात दोन प्लेटा शेजारी ठेवल्या की नवख्यालाही तो ओळखता येतो.

६५० हा आकडाही हवेतला होता. जाहिरातीत लोक मागतात ती किंमत पाहून तो ठरवलेला. मागितलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. बाजारभाव कळतो तो ईबेवर ‘विकले गेलेले’ ही चाळणी लावून. ती लावल्यावर चित्र स्पष्ट झालं. या नक्षीचे दहा कोटींहून अधिक नग विकले गेल्याचं सांगितलं जातं. म्हणजे जेवणाच्या प्लेटा, चहाचे कप, लहान बशा बाजारात ओसंडून वाहताहेत. त्या मानाने टिकून राहिलेली भाजीची झाकणाची भांडी, मोठ्या थाळ्या, ग्रेव्ही बोट कमी. एका घरात प्लेटा बारा आणि झाकणाचं भांडं एक किंवा दोन, आणि फुटायची वेळ आली की आधी झाकणाची मूठ जाते. वाढपाच्या भांड्यांना नगामागे जास्त दाम मिळतो तो यामुळे.

आमच्या मते या प्रकरणाचा सगळा उलगडा इथे आहे. डिनर सेट ही एक वस्तू म्हणून विकायला काढली की तिला गिऱ्हाईक जवळजवळ नसतं, कारण नव्या घरात बारा जणांचा सेट ठेवायला कपाट नाही आणि जुन्या गिऱ्हाइकाकडे सेट आधीच आहे. त्याला त्यातले सहा नग हवेत. सेट कुठे तोडायचा हे कळलं की अर्धं काम होतं.

तपासणी

सेट पुन्हा मांडला तो सकाळी, खिडकीशी, पांढऱ्या चादरीवर. प्रत्येक नगाची चार गोष्टींसाठी तपासणी झाली.

पहिली, आवाज. प्लेट तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरायची आणि काठाखाली पेन्सिलीच्या लाकडी टोकाने हलकेच टिचकी मारायची. धड बोन चायना घंटीसारखं वाजतं आणि नाद क्षणभर रेंगाळतो. तडा असेल तर आवाज बद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. ही परीक्षा आपल्याकडे माठ घेताना प्रत्येक जण करतोच. सूपची एक प्लेट अशी बद्द निघाली. उजेडासमोर धरल्यावर काठापासून आत साडेतीन सेंटीमीटर केसासारखी रेघ दिसली, आणि ती पिवळी होती. हळद.

मराठी घरातून निघालेल्या सेटला ही एक जास्तीची परीक्षा आपोआप मिळते. बोन चायनाची झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, धड असेल तर हळद तिच्यावर बसत नाही, धुतली की जाते. पण तड्यात, टवक्याच्या उघड्या कडेवर किंवा खोल चऱ्यात ती मुरते. म्हणजे पिवळी रेघ दिसली तर तिथे झिलई तुटली आहे असं समजावं. हळदीचा रंग उन्हात उडतो, हेही खरं; दोन-चार दिवस खिडकीत उन्हाला ठेवली असती तर रेघ फिकी पडली असती. तडा मात्र तिथेच राहिला असता. तो लपवण्यासाठी हा उपाय करू नये.

दुसरी गोष्ट, सोनं. सोनेरी काठ झिलईच्या वर, कमी उष्णतेवर भाजून बसवलेला असतो; त्याच्यावर संरक्षण काही नाही. डिशवॉशरची क्षारयुक्त पावडर आणि गरम पाणी तो वर्षानुवर्षं झिजवतात. प्लेट डोळ्याच्या पातळीला आडवी धरून फिरवली की झिजलेला भाग तपकिरी, निस्तेज दिसतो. जेवणाच्या दोन प्लेटांचं सोनं असं गेलेलं होतं. समोरून काढलेल्या फोटोत ते कधीच दिसत नाही, त्यामुळे खरेदीदार घरी पाहतो तेव्हा वाद होतो.

तिसरी, चरे. पांढऱ्या भागावर करड्या बारीक रेघा बऱ्याच होत्या आणि घरच्यांना वाटलं प्लेटा खराब झाल्या. त्यातल्या बहुतेक रेघा चरे नव्हत्याच. स्टीलच्या सुऱ्या आणि डाव झिलईपेक्षा मऊ असतात; त्यांचाच धातू प्लेटवर घासून उरतो. नख फिरवून पाहावं: अडकलं तर चरा, नाही अडकलं तर धातूचा माग. हा माग ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या पावडरीने, ओल्या मऊ फडक्यावर चिमूटभर घेऊन, अर्ध्या मिनिटात निघतो. हातात रबरी मोजे हवेत, आणि फडकं फक्त मधल्या कोऱ्या पांढऱ्या भागावर. गुलाबांवर आणि सोन्यावर चुकूनही नाही, कारण नक्षीही झिलईच्या वरची आहे. ब्लीचमध्ये बुडवणं, लिंबू-मीठ चोळणं, टूथपेस्ट लावणं असले प्रयोग सोन्याच्या सेटवर करू नयेत.

चौथी, जुनी दुरुस्ती. यासाठी अतिनील टॉर्च लागतो, १०-१५ युरोत मिळतो. अंधाऱ्या खोलीत झाकणावर धरल्यावर एका झाकणाच्या मुठीभोवती वेगळ्याच रंगाचं कडं चमकलं. डिंक आणि वरचा रंग. लेस्टरमध्ये घेतानाच ते तसं असणार. दिवसाउजेडी डोळ्यांना काही कळत नव्हतं. दुरुस्त केलेल्या झाकणाचं भांडं गरम भाजीसाठी वापरलं तर मूठ हातात येऊ शकते. म्हणजे हा नुसता किमतीचा प्रश्न नव्हता.

याखेरीज एका लहान प्लेटच्या काठाला टवका होता. सेकंड्स, म्हणजे कारखान्यानेच दुय्यम ठरवून कमी किमतीत विकलेला माल, यात निघाला नाही. तसा असेल तर बऱ्याच इंग्लिश कारखान्यांच्या नगांवर मागच्या शिक्क्यातून आडवी खोदरेघ ओढलेली असते. प्रत्येक शिक्का पाहावा तो यासाठीही.

इंग्लंडला परत विकावा का?

हा विचार सगळ्यांना सुचतो: सेट इंग्लिश, मग गिऱ्हाईक इंग्लंडमध्ये. केंटमधल्या एका खरेदीदाराने सहा जणांच्या ‘इंग्लंड’ शिक्क्याच्या प्लेटा आणि वाढपाची भांडी मिळून २६० पौंड देऊ केले. आकडा मोहाचा होता.

पण नेदरलँड्स युरोपीय संघात आणि ब्रिटन बाहेर. हे पार्सल ब्रिटनच्या दृष्टीने आयात. १३५ पौंडांहून जास्त किमतीच्या मालावर तिथे २० टक्के आयात व्हॅट, वर सीमाशुल्क, आणि शिवाय कुरिअर कंपनीची हाताळणीची फी. वस्तू मूळची इंग्लंडची आहे म्हणून शुल्क नाही, असं होत नाही. परत आणलेल्या मालाची सवलत आहे, पण व्हॅटपुरती ती ज्याने माल बाहेर नेला त्यानेच परत आणला तर, साधारण तीन वर्षांच्या मुदतीत आणि कागदपत्रांसह. अनोळखी खरेदीदाराला व्हॅटची ती सवलत लागू होत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना मिळणारी कमी दराची सवलतही नाही, कारण नक्षीच १९६२ ची.

खरेदीदाराला हे आधी माहीत नसतं. पार्सल दाराशी येतं तेव्हा मागणी कळते, तो नकार देतो, आणि सगळा माल पुन्हा समुद्र ओलांडून येतो. दुप्पट धक्के, दुप्पट खर्च. किंमत कमी लिहून पाठवा, किंवा ‘भेट’ लिहा, असा सल्ला या टप्प्यावर हमखास मिळतो. तो खोटा जाहीरनामा आहे, आणि नग फुटला तर भरपाईही त्या खोट्या किमतीइतकीच. केंटच्या माणसाला हे सगळं लिहून कळवलं, त्याने आभार मानले, व्यवहार झाला नाही.

युरोपीय संघाच्या आत ही भिंत नाही. आम्स्टेलफेनहून कोलोनला किंवा अँटवर्पला पाठवलेलं पार्सल सीमाशुल्काविना जातं. म्हणून बाजार ठरला तो असा: नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी.

अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या, जुन्या सेटांचे सुटे नग पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांना थेट विकण्याचा पर्याय याच कारणाने मागे पडला. ते नग वर्षानुवर्षं गोदामात ठेवतात, त्यामुळे खरेदीचा भाव कमीच असतो, आणि या इतक्या मुबलक नक्षीला तर फारच कमी. वाहतूक वजा जाता काही उरत नाही. जवळच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने पूर्ण सेटचे १२० युरो देऊ केले, स्वतः येऊन नेईन म्हणाला. हा आकडा कागदावर लिहून ठेवला गेला. पुढचं प्रत्येक पाऊल या १२० शी तोलून पाहायचं होतं.

सेट तोडला तो असा

‘इंग्लंड’ शिक्क्याच्या, निर्दोष, सहा जणांच्या २४ प्लेटा एक गट: २१० युरो. नव्या चार जणांच्या १६ प्लेटा दुसरा गट, ‘इंग्लंड शिक्का नाही, जवळजवळ न वापरलेल्या’ असं पहिल्याच ओळीत लिहून: ९० युरो. धड झाकणाचं भाजीचं भांडं ७५. ग्रेव्ही बोट बशीसह ४५. मोठी थाळी ४०, लहान ३०. उरलेले ९ नग बाजूला.

जाहिरात यावेळी डच भाषेत, आणि हे फार कमी लोक करतात. तिथला माणूस ‘डिनर प्लेट’ शोधत नाही, ‘दिनेरबोर्डन’ शोधतो. सूपच्या प्लेटांना ‘दीपे बोर्डन’, २० सें.मी.च्या प्लेटांना ‘ऑन्टबाइटबोर्डन’ म्हणजे न्याहारीच्या, झाकणाच्या भांड्याला ‘डेकस्खाल’, ग्रेव्ही बोटीला ‘साउसकोम’. सेटला ‘सेर्वीस’. नक्षीचं आणि कंपनीचं नाव मात्र इंग्रजीत जसंच्या तसं. मजकुरात प्रत्येक नगाचा व्यास सेंटीमीटरमध्ये, संख्या, शिक्का, आणि दोष. व्यास लिहिणं अगत्याचं, कारण डेझर्ट, सॅलड, न्याहारी, साइड ही नावं देशादेशात बदलतात, २० सें.मी. सगळीकडे २० सें.मी.च.

फोटो ढगाळ दिवशी खिडकीशी, दिवा न लावता. प्रत्येक गटाचे सहा: पूर्ण गट, एक प्लेट समोरून, सोनेरी काठ तिरका, मागचा शिक्का वाचता येईल असा, फूटपट्टीसह एक, आणि एक प्लेट दिव्यासमोर, मागच्या बोटांची सावली दिसेल अशी. हा शेवटचा फोटो बोन चायना खरं असल्याची साधीसोपी खूण. हाडांच्या राखेमुळे ते इतकं पातळ करूनही टिकतं आणि प्रकाश पार जाऊ देतं.

हाडांची राख हा मुद्दा दुसऱ्या गटाच्या वेळी आला. तो गट महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून एका मराठी घराला दाखवला गेला. बोन चायनात जवळपास निम्मा भाग जनावरांच्या हाडांची राख असते, उरलेलं केओलिन ही पांढरी माती आणि कॉर्निश स्टोन हा दगड. घेणाऱ्यांपैकी अनेकांना हे माहीत नसतं. शाकाहारी घरांना, विशेषतः नैवेद्याची किंवा उपासाची भांडी वेगळी ठेवणाऱ्यांना, ते चालेलच असं नाही. विकणाऱ्याने न विचारता सांगावं. इथे सांगितलं गेलं, त्या घरात दोन दिवस विचार झाला, रोजच्या जेवणाला नाही पण पाहुण्यांसाठी घेतो म्हणून ८० युरोला तो गट गेला.

फसवणुकीचा प्रयत्न एकदाच झाला, नेहमीच्याच पद्धतीने: ‘तुम्ही खरे आहात का बघायचंय, या लिंकवरून एक सेंट पाठवा.’ लिंक बँकेच्या पानासारखी दिसते आणि लॉगिनची माहिती चोरते. पैसे घ्यायला कधीही पैसे पाठवावे लागत नाहीत. कुरिअर मी पाठवतो, तुम्ही फक्त या पानावर कार्ड नंबर भरा, हा त्याच जातीचा दुसरा प्रकार. घरी येऊन नेणाऱ्याने दाराशी, माल पाहिल्यावर, स्वतःच्या फोनवर पैसे आल्याचं दिसल्यावरच डबा हलवायचा. लांबच्या व्यवहाराला मार्क्टप्लाट्सची, माल पोहोचेपर्यंत पैसे अडवून ठेवणारी सोय वापरली गेली.

पॅकिंग, आणि फुटलेली थाळी

सहा जणांचा गट लायडनच्या एका घरी गेला, १८५ युरोला, खरेदीदार गाडी घेऊन आले. तिथेही प्लेटा आडव्या रचून दिल्या नाहीत. प्लेट काठावर उभी ठेवली की वरचं वजन काठाच्या कमानीवर जातं आणि ती पेलते. आडव्या थप्पीत सगळा धक्का सर्वांत खालच्या प्लेटच्या मधोमध बसतो.

भाजीचं भांडं आणि ग्रेव्ही बोट दोन्ही जर्मनीत एकाच घरी: ७० आणि ४० युरो, वाहतूक त्यांची. हे पॅकिंग व्यवस्थित झालं. झाकण भांड्यावर ठेवून चिकटपट्टी लावायची नाही. प्रवासात झाकण काठावर आपटत राहतं. झाकण वेगळं, मुठीभोवती आधी पातळ कागदाची चुंबळ, मग बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे दोन थर. बोटीचा पोकळ भाग आणि कान यांच्या मधली जागा कागदाने भरायची. वर्तमानपत्र सोन्याला थेट लावायचं नाही, शाई उतरते. आधी कोरा पांढरा कागद. सगळं आतल्या खोक्यात, ते खोकं दुहेरी भिंतीच्या मोठ्या खोक्यात, आणि दोन्हींमध्ये चहूबाजूंनी, तळालाही, किमान ५ सें.मी. भरण. बंद केल्यावर हलवून पाहायचं: आतून काहीही ऐकू आलं तर पुन्हा उघडायचं. एकूण वजन १० किलोच्या आत ठेवलं, कारण त्यावर दर वाढतो आणि जड खोकं हातातून टाकलं जातं.

लहान थाळीच्या वेळी घाई झाली. ३३ सें.मी.ची ती थाळी अँटवर्पला २० युरोला ठरली. एकच खोकं, एकेरी भिंतीचं, थाळी आडवी. दोन तुकडे होऊन पोहोचली. भरपाई मागितल्यावर कुरिअरने नियमावर बोट ठेवलं: चिनीमाती आणि काच पार्सलमध्ये स्वीकारतात, फुटल्यास भरपाई नाही. बऱ्याच कंपन्यांच्या अटींत हे वाक्य असतं आणि वरचा विमा घेतला तरी ते लागू राहतं. पाठवण्याआधी ते वाचलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. खरेदीदाराला २० युरो आणि त्याने भरलेले वाहतुकीचे ११, दोन्ही परत केले गेले. खासगी विक्रेत्याला दुकानासारखी १४ दिवसांची परतीची सक्ती नाही, पण फुटका माल पोहोचवणं हे काही वस्तू दिल्यासारखं होत नाही. मोठी थाळी त्यानंतर फक्त घरी येऊन नेणाऱ्यालाच, ३५ युरोला.

हिशेब आणि उरलेले नग

करखात्याची धास्ती अनेकांना असते. २०२३ पासून युरोपीय संघातल्या मार्क्टप्लाट्ससारख्या विक्री-मंचांना विक्रेत्याची माहिती करखात्याला कळवावी लागते, पण एका मंचावर वर्षात ३० विक्री झाल्या किंवा २,००० युरोंच्या वर रक्कम गेली तरच. आणि कळवणं म्हणजे कर लागणं नव्हे; घरातली वापरलेली वस्तू विकणं हा धंदा नाही. इथे मंचावरच्या विक्री पाचच. ५४ नग एकेक करून विकले असते तर मात्र ३० चा आकडा सहज ओलांडला असता, आणि पॅकिंग करता करता मे उलटला असता.

शेवटच्या नऊपैकी सात नग २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी. त्या दिवशी देशभर लोक रस्त्याकडेला चादर अंथरून घरातलं जुनं विकतात, परवान्याशिवाय. तिथे कोणी १५० युरो खिशात घेऊन येत नाही, म्हणून चांगले गट त्या दिवसासाठी राखून ठेवण्यात अर्थ नव्हता. दुरुस्त झाकणाचं भांडं १० युरोला गेलं. झाकणाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती, मूठ चिकटवलेली आहे, झाकण मुठीने उचलू नये. घेणाऱ्या बाईंना त्यात फुलं लावायची होती. दोन डेझर्ट प्लेट, एक लहान प्लेट आणि सूपची एक मिळून ८, सोनं गेलेल्या दोन जेवणाच्या प्लेटा ४.

एकूण जमा ४५२ युरो. फुटलेल्या थाळीचे २० परत, वाहतुकीचे ११ बुडाले, खोकी आणि प्लास्टिकला १८. हातात ४०३. व्यापाऱ्याच्या १२० पेक्षा २८३ जास्त, त्यासाठी साधारण वीस तासांचं काम. म्हणजे ताशी १४ युरो. ज्या घराकडे पंधरा आठवडे नसून तीनच आहेत, त्याने १२० घ्यावेत, आणि फक्त झाकणाचं धड भांडं आणि ग्रेव्ही बोट आधी बाजूला काढून वेगळी विकावी. त्या दोन नगांचेच इथे ११० आले.

टवका उडालेली लहान प्लेट आणि पिवळ्या रेघेची सूपची प्लेट चादरीवर मांडलीच नव्हती. तडा गेलेल्या प्लेटमध्ये कोणी गरम सूप ओतलं तर ती हातात दुभंगू शकते, आणि फुकट दिली तरी ती कोणाच्या तरी जेवणात जाणारच. त्या दोन्ही बाल्कनीतल्या कुंड्यांखाली गेल्या आणि घर रिकामं होईपर्यंत तिथेच राहिल्या.